आभाळाचा तराजू

याकोव्ह बोरिसोविच झेलदोविच हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावरून गेलेले नसते. आइन्स्टाइन, हॉकिंग, फार तर फाइनमन, इथपर्यंत आपली मजल. गेले दोन-तीन महिने मी या रशियन गृहस्थांबद्दल जे मिळेल ते वाचतो आहे. माझा विषय इतिहास, त्यामुळे गणिताची पाने मी सरळ उलटतो. पण एखादा माणूस विचार कसा करत गेला, कुठे अडला आणि कुठे वळला, हे कळायला गणित लागतेच असे नाही.

मला या माणसात गुंतवले ते एका छोट्याशा हिशेबाने. न्यूट्रिनो नावाचा एक कण आहे. तो इतका अलिप्त की आख्खी पृथ्वी आरपार ओलांडून जातो आणि वाटेत कुणाला धक्का लावत नाही. असल्या कणाचे वजन करायचे कसे? प्रयोगशाळेतल्या मंडळींनी हात टेकले होते. तेव्हा झेलदोविच यांनी तो आभाळाच्या तराजूत घातला. पण हा तराजू हाती यायच्या आधी त्यांना स्वतःचे एक लाडके मत टाकून द्यावे लागले, आणि खरी गोष्ट तीच आहे.

जन्म ८ मार्च १९१४, मिन्स्क शहरात, ज्यू कुटुंबात. वडील वकील, आई भाषांतरकार. त्याच वर्षी कुटुंब पेत्रोग्रादला, म्हणजे पुढच्या लेनिनग्रादला आले. सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि मुलगा खनिजांवरच्या एका संस्थेत प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून लागला. १९३१ साली त्याच संस्थेतल्या लोकांबरोबर तो शहरातली दुसरी एक प्रयोगशाळा बघायला गेला. रासायनिक भौतिकीची. तिथे स्फटिक कसे बनतात यावर या सतरा वर्षांच्या पोराने असे प्रश्न विचारले की तिथली मंडळी म्हणाली, हा आम्हाला हवा. जुन्या संस्थेने त्याला सोडले. या बदलीची एक आख्यायिका आहे, की जुन्या संस्थेला त्याच्या बदल्यात एक पंप मिळाला! खरेखोटे देव जाणे.

विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. बाहेरून काही अभ्यासक्रम केले, व्याख्याने ऐकली, पण परीक्षा देऊन पदवी पदरात पाडली नाही. तरी १९३४ मध्ये संस्थेने त्यांना संशोधक विद्यार्थी म्हणून घेतले, १९३६ मध्ये पहिला प्रबंध झाला आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट. (आपल्याकडे हे घडले असते का? कारकुनाने अर्ज परत केला असता, 'पदवी प्रमाणपत्राची सत्यप्रत जोडलेली नाही' असा शेरा मारून.)

सुरुवातीचा विषय होता आग. ज्योत पुढे कशी सरकते, स्फोट कसा पसरतो, यावरचे त्यांचे काम आजही त्या शास्त्राचा पाया मानले जाते. आग समजणाऱ्या माणसाला १९३९ साली अणूची आग दिसायला वेळ लागला नाही. युली खारितोन या मित्राबरोबर त्यांनी युरेनियममधली साखळी प्रक्रिया टिकेल की नाही याची गणिते मांडली. मग युद्ध आले, संस्था कझानला हलली, रॉकेटच्या दारूवर काम झाले. आणि युद्धानंतर जे व्हायचे तेच झाले.

सारोव्ह नावाचे एक जुने मठाचे गाव होते. ते नकाशावरून पुसून टाकण्यात आले आणि 'अर्झामास-१६' असे टोपणनाव घेऊन तिथे सोव्हिएत अणुबाँब तयार झाला. २९ ऑगस्ट १९४९ ला पहिली चाचणी झाली. नोव्हेंबर १९५५ मध्ये खरा हायड्रोजन बाँब. त्यातल्या सैद्धांतिक कामाच्या प्रमुख माणसांत एक झेलदोविच आणि दुसरे आंद्रेई साखारोव्ह. झेलदोविच यांना 'समाजवादी श्रमवीर' हा सर्वोच्च किताब तीन वेळा मिळाला. या कामाबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. शत्रूकडे बाँब आहे म्हणून आपल्याकडे हवा, हा युक्तिवाद त्या काळात दोन्ही बाजूंना पटलेला होता. आज घरात बसून त्यावर निकाल देणे सोपे आहे आणि तेवढ्याच कारणाने मला ते करवत नाही. पण एवढे लक्षात ठेवले पाहिजे की पुढे येणारे आकाशाचे सारे गणित ज्या हाताने केले, त्याच हाताने हेही गणित केले होते.

अशा कुंपणाआड, पहारेकऱ्यांच्या नजरेखाली राहून त्यांनी मूलकणांचा अभ्यास सुरू केला. ते तिथे गुप्त नव्हते. ते कुणालाही सांगता येत होते, छापता येत होते. मला वाटते, दिवसभर जे कुणाशीही बोलता येत नाही असे काम करणाऱ्या माणसाला याचे किती अप्रूप असेल!

या काळात त्यांचा एक जोडीदार होता, सेम्योन गेर्शटाइन. याची कथा माझ्यासारख्याला सुखावणारी आहे. मॉस्को विद्यापीठातून बाहेर पडल्यावर गेर्शटाइन कालुगा भागातल्या एका गावी तीनेक वर्षे शाळामास्तर होते. मुलांना शिकवता शिकवता त्यांनी लांदाऊ यांची सैद्धांतिक भौतिकीची प्रसिद्ध परीक्षा दिली. (लांदाऊंची परीक्षा म्हणजे काय चीज होती, हे जाणकारांना सांगायला नको.) तर या मास्तरांनी आणि झेलदोविच यांनी १९५५ मध्ये एक लेख छापला. किरणोत्सारात न्यूट्रॉन फुटताना जे बल काम करते, त्याचा एक भाग विद्युतभारासारखाच अक्षय राहील, असे त्याचे सार. पण त्या वेळचे प्रयोग वेगळेच सांगत होते, म्हणून लेखकांनी स्वतःच लिहून टाकले की याला व्यवहारात काही महत्त्व नाही, केवळ तात्त्विक कुतूहल म्हणून नोंदवतो. तीन वर्षांनी प्रयोगच चुकलेले निघाले. १९५८ मध्ये फाइनमन आणि गेल-मान यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि ती कणभौतिकीचा आधारस्तंभ बनली. त्यांनी रशियन लेखाचे श्रेय दिले हे खरे, पण 'महत्त्व नाही' असे आपणच लिहून ठेवल्यावर जगाने तरी का जपून ठेवावे?

१९५९ मध्ये त्यांनी आणखी दोन गोष्टी सुचवल्या. अतिशय मंद न्यूट्रॉन बाटलीत साठवता येतील ही एक. दुबना येथे १९६८ मध्ये असे मंद न्यूट्रॉन प्रत्यक्ष मिळवले गेले. दुसरी, अणूंमध्येसुद्धा डावे-उजवे असा सूक्ष्म भेद दिसेल. तो नोव्होसिबिर्स्कच्या प्रयोगात १९७८ मध्ये दिसला. म्हणजे कणभौतिकीत त्यांचे नाव पक्के झालेले होते. १९५८ पासून ते विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य होते. पन्नाशी समोर दिसत होती. इथे बहुतेक लोक समित्यांवर जातात, उद्घाटने करतात.

झेलदोविच यांनी मात्र आभाळाकडे पाहायला सुरुवात केली. १९६० च्या दशकाच्या मध्याला ते बाँबच्या गावातून कायमचे बाहेर पडून मॉस्कोला केल्दिश यांच्या उपयोजित गणित संस्थेत आले आणि तिथे तरुण पोरांचा एक जथा जमवला. नोव्हिकोव्ह, दोरोश्केविच, सुन्यायेव्ह, स्टारोबिन्स्की, श्वार्त्समान ही नावे पुढे जगप्रसिद्ध झाली. गुरुजी पहाटे उठायचे आणि पहाटेच विद्यार्थ्यांना फोन करायचे, काल रात्री सांगितलेल्या गणिताचे काय झाले म्हणून! आमच्या शाळेत असे कुणी केले असते तर पालकसभेत विषय निघाला असता.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

विश्व प्रसरण पावते आहे हे तेव्हा सर्वांना मान्य होते. पण ते सुरुवातीला कसे होते? गॅमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात म्हटले होते की सुरुवात अतिशय तप्त होती आणि त्या तापाची ऊब आजही विश्वात थोडीशी शिल्लक असली पाहिजे. झेलदोविच यांना हे पटेना. सुरुवात तप्त असती तर विश्वात हेलियम फार निर्माण झाला असता, आणि त्या वेळची काही निरीक्षणे तेवढा हेलियम दाखवत नव्हती. म्हणून त्यांनी थंड सुरुवातीचे विश्व मांडले. प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो समसमान, दाट पण थंड. कणभौतिकीच्या नियमांनी बांधलेली ही मांडणी डौलदार होती.

१९६४ मध्ये त्यांच्याच जथ्यातल्या दोरोश्केविच आणि नोव्हिकोव्ह यांनी एक लेख लिहिला. गॅमोंची ती शिल्लक ऊब खरोखर आहे की नाही हे रेडिओच्या सूक्ष्मलहरींत मोजून ठरवता येईल, आणि त्यासाठी जगातला सर्वांत योग्य ॲंटेना अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेल येथे बेल कंपनीकडे आहे, असे त्यांनी नावानिशी सांगितले. नेम किती अचूक! त्या ॲंटेनाचा १९६१ सालचा एक अहवालही त्यांच्याकडे होता, ओम नावाच्या अभियंत्याचा. त्यात 'आकाशाचे तापमान' म्हणून २.३ अंश केल्विन असा आकडा होता. रशियन मंडळींनी तो आकाशातून येणारा सगळा प्रारण धरला, त्यातून हवेचा वाटा वजा केला आणि शिल्लक जवळजवळ शून्य आली. खरे म्हणजे तो आकडा नुसता हवेचाच होता. ओम यांच्याच हिशेबात सुमारे तीन अंशांचा ताळमेळ लागत नव्हता, पण तो वेगळ्या ओळीत होता, मोजमापातली चूक म्हणून सोडून दिलेला. एका शब्दाचा अर्थ, दोन भाषा आणि मध्ये पोलादी पडदा. फोन करून 'अहो, तुम्ही यात नेमके काय धरले आहे?' असे विचारायची सोय असती तर नोबेल पारितोषिकाचा इतिहास वेगळा झाला असता, असे मला राहून राहून वाटते.

झेलदोविच यांनी त्या वजाबाकीवर विसंबून आपल्या मोठ्या लेखात लिहिले की तप्त विश्वाची कल्पना मोजमापाने निकालात निघाली आहे. तो लेख १९६५ मध्ये बाहेर आला. आणि त्याच वर्षी, त्याच होल्मडेलच्या ॲंटेनावर, पेन्झियस आणि विल्सन यांनी सर्व दिशांनी सारखी येणारी सुमारे साडेतीन अंशांची ऊब सापडल्याचे जाहीर केले.

आता माणसाची कसोटी बघा. तीन वेळा श्रमवीर, अकादमीचे सदस्य, भोवती शिष्यांचा गराडा, आणि आपले मत छापून अजून शाई वाळलेली नाही. अशा वेळी पळवाटा भरपूर असतात. ही ऊब जवळच्या धुळीची असेल, यंत्राचा दोष असेल, आणखी पाच वर्षे वाट पाहू. झेलदोविच यांनी यातले काही केले नाही. काही महिन्यांत ते तप्त विश्वाचे सर्वांत जोरदार समर्थक झाले.

इथे मराठी वाचकाला आपले जयंत नारळीकर आठवणारच. हॉयल यांच्याबरोबरचे त्यांचे स्थिर विश्व याच तीन अंशांच्या उबेने अडचणीत आले. नारळीकरांनी मात्र महास्फोट अखेरपर्यंत स्वीकारला नाही. १९९३ मध्ये हॉयल आणि बर्बिज यांच्यासह सुधारलेली मांडणी केली आणि २०२५ मध्ये जाईपर्यंत आपले आक्षेप नोंदवत राहिले. मला दोघांबद्दलही आदर आहे. सगळेच एका बाजूला धावले तर प्रश्न विचारायला कुणी उरणार नाही. पण एवढे खरे की झेलदोविच यांच्या हाती पुढची दोन दशके जे घबाड लागले, ते मत बदलल्यामुळेच लागले.

कारण तप्त विश्व म्हणजे फुकटचा अजस्र कणत्वरक! कणांना प्रचंड वेगाने एकमेकांवर आपटायचे आणि काय निघते ते बघायचे, यासाठी देश कोट्यवधी रुपये खर्च करतात. विश्वाच्या पहिल्या क्षणांत हा प्रयोग एकदा झालेलाच आहे, आणि तोही पृथ्वीवर कधीच साधणार नाही इतक्या ऊर्जेला. त्याची राख आजही भोवती पडली आहे, ती वाचता आली पाहिजे. आदिविश्व हा गरिबाचा त्वरक, हे वचन त्यांच्याच नावावर सांगतात.

पहिली राख त्यांनी १९६६ मध्ये वाचली, पुन्हा गेर्शटाइन मास्तरांना सोबत घेऊन. न्यूट्रिनोच्या दोन जाती तेव्हा माहीत होत्या. त्यातल्या म्यूऑनच्या जोडीने येणाऱ्या न्यूट्रिनोचे वजन किती, याबद्दल प्रयोगशाळा एवढेच सांगू शकत होती की ते २५ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी आहे. इलेक्ट्रॉनचे वजन याच मापात सुमारे ५ लाख ११ हजार. म्हणजे प्रयोगशाळेच्या लेखी हा न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनच्या पाचपटही असू शकत होता. अगदीच ढोबळ.

राजगिऱ्याचा एक दाणा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर काटा हलत नाही. पण पोत्यात दाणे किती हे ठाऊक असेल तर पोते तोलून एका दाण्याचे वजन काढता येते. झेलदोविच म्हणाले, विश्व हेच पोते. तप्त सुरुवातीत प्रकाशकण आणि न्यूट्रिनो जवळजवळ बरोबरीने निर्माण झाले असणार. उबेवरून प्रकाशकणांची संख्या कळते. आजच्या मोजणीनुसार दर घनसेंटिमीटरला सुमारे ४१०. त्यावरून न्यूट्रिनोंची संख्या येते, प्रत्येक जातीचे शंभरेक. म्हणजे हे वाक्य तुम्ही वाचता आहात तेवढ्यात तुमच्या शेजारच्या रिकाम्या वाटीतही हजारो आहेत.

दाणे मोजून झाले. आता पोते तोलायचे. न्यूट्रिनो जड असतील तर विश्व जड होईल, आणि जड विश्वाचे प्रसरण स्वतःच्याच ओढीने लवकर मंदावेल. मग आज दिसणाऱ्या प्रसरणाच्या वेगावरून उलट मोजत गेले तर विश्वाचे वय कमी भरेल. पण आपली पृथ्वीच साडेचार अब्ज वर्षांची आहे. लेकीपेक्षा आई लहान कशी असेल? तेवढ्या एका अटीवरून उत्तर निघाले: हा न्यूट्रिनो ४०० इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा जड असूच शकत नाही. प्रयोगशाळेच्या मर्यादेपेक्षा सहा हजार पटींनी बारीक. खर्च किती? कागद आणि पेन्सिल.

या हिशेबाला आपल्याकडचाही एक धागा आहे. नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले रामनाथ कौसिक यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत असताना मॅक्लेलंड यांच्यासह हाच प्रश्न सोडवला आणि मर्यादा ८ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत खाली आणली. या प्रकारच्या मर्यादेला जगभर त्यांच्या नावाने ओळखतात, रशियन जोडीचे नाव बरेचदा मागे पडते. पुढच्याच वर्षी कौसिक-मॅक्लेलंड यांनी असेही सुचवले की दीर्घिकांच्या समूहांना बांधून ठेवणारे न दिसणारे द्रव्य न्यूट्रिनोंचे असू शकेल.

न्यूट्रिनोला वजन आहे, शून्य नाही, हे जपानमधल्या प्रयोगाने १९९८ मध्ये सिद्ध झाले. 'प्लँक' उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांनुसार तिन्ही जातींचे वजन मिळून ०.१२ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी. जर्मनीतल्या 'कॅट्रिन' या प्रचंड यंत्राने २०२५ मध्ये प्रयोगशाळेत गाठलेली मर्यादा ०.४५ आहे. दोन्ही मापे एकच नाहीत, पण आभाळाचा तराजू अजूनही पुढे आहे हे दिसतेच.

झेलदोविच यांचे शिष्य श्वार्त्समान यांनी १९६९ मध्ये याच धर्तीवर न्यूट्रिनोच्या जाती मोजल्या. जाती जितक्या जास्त तितके आदिविश्व वेगाने फैलावणार आणि तितका हेलियम जास्त शिजणार. म्हणजे जुन्या ताऱ्यांतला हेलियम मोजा आणि जातींवर मर्यादा घाला. एकेकाळी ज्या हेलियमने गुरूला थंड विश्वाकडे ढकलले, तोच शिष्याच्या हाती मोजपट्टी झाला.

पुढची कामे भराभर सांगतो, नाहीतर हा लेख संपायचाच नाही. सुन्यायेव्ह यांच्याबरोबर त्यांनी दाखवले की दीर्घिकांच्या समूहातल्या तप्त वायूतून जाताना त्या तीन अंशांच्या उबेवर एक बारीकशी छाया पडेल. तेव्हा ते कुणी मोजू शकेल असे वाटत नव्हते. 'प्लँक'च्या २०१५ च्या यादीत अशा खुणेने सापडलेल्या १,६५३ जागा आहेत. १९६७ मध्ये त्यांनी दाखवले की रिकाम्या पोकळीलाही कणांच्या नियमांनुसार ऊर्जा असली पाहिजे आणि तीच आइन्स्टाइनच्या टाकून दिलेल्या विश्वस्थिरांकासारखी वागेल. १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होते आहे असे दिसल्यावर सगळ्यांना तो लेख पुन्हा काढावा लागला.

हॉकिंग यांच्याशी त्यांची गाठ पडली सप्टेंबर १९७३ मध्ये, मॉस्कोत. फिरते कृष्णविवर ऊर्जा बाहेर टाकेल असे झेलदोविच आणि स्टारोबिन्स्की यांनी हॉकिंगना सांगितले. हॉकिंगना कल्पना पटली, गणिताची रीत पटली नाही. घरी जाऊन स्वतःच्या रीतीने करायला घेतले तर न फिरणारे कृष्णविवरही प्रारण टाकते असे निघाले. हेच ते सुप्रसिद्ध हॉकिंग प्रारण, १९७४ चे. आता गंमत अशी की ज्यांनी ठिणगी टाकली त्या झेलदोविच यांनाच हे मान्य होईना! फिरत नसेल तर प्रारण नाही, यावर ते अडून बसले. १९७५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ किप थॉर्न मॉस्कोत असताना त्यांनी थॉर्नना घरी बोलावले आणि दोन्ही हात वर करून सांगितले, हरलो, हॉकिंग बरोबर आहेत. थॉर्न यांनीच हे लिहून ठेवले आहे.

तिसऱ्या वेळी मात्र निसर्गाने त्यांना फार वर चढवून खाली आणले. द्रव्य आधी पापुद्र्यांसारख्या प्रचंड चपट्या थरांत गोळा होते आणि मग त्यातून दीर्घिका फुटतात, असे त्यांनी १९७० मध्ये मांडले होते. १९८० मध्ये मॉस्कोच्याच एका प्रयोगशाळेने जाहीर केले की न्यूट्रिनोचे वजन सुमारे ३० इलेक्ट्रॉन व्होल्ट भरले. सगळेच जुळून आले! अदृश्य द्रव्य न्यूट्रिनोंचे आणि दीर्घिका त्यांच्या पापुद्र्यांतून. आयुष्यभराच्या दोन वाटा, कणांची आणि आकाशाची, एका चौकात आल्या. तीनच वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतल्या तरुणांनी संगणकावर असे विश्व घडवून पाहिले आणि दीर्घिका जन्मायला फारच उशीर होतो असे दिसले. ३० चा तो आकडाही पुढे टिकला नाही. पापुद्र्यांचे गणित मात्र टिकले. आज विश्वाची घडण संगणकावर मांडायची तर सुरुवातीची मांडणी बहुधा त्याच सूत्राने करतात.

एवढे सगळे एका माणसाने केले हे पश्चिमेतल्या लोकांना खरे वाटत नसे. झेलदोविच हे टोपणनाव असून मागे एक मंडळ असावे असे भेटीपूर्वी वाटायचे, असे हॉकिंग त्यांना म्हणाल्याचे सांगतात. खात्री करून घ्यायचीही सोय नव्हती, कारण बाँबची गुपिते जाणणाऱ्याला पश्चिमेकडे जायची परवानगी नव्हती. ती मिळाली १९८२ मध्ये, ग्रीसमधल्या पात्रास येथे खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संमेलनासाठी. वय अडुसष्ट!

साखारोव्ह यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकाच कुंपणाआड राहिलेले हे दोघे मित्र. साखारोव्ह पुढे सरकारविरुद्ध उभे राहिले, जानेवारी १९८० मध्ये गॉर्कीला हद्दपार झाले. १९७३ मध्ये चाळीस अकादमी सदस्यांनी साखारोव्हविरुद्ध निषेधपत्रक काढले, त्यावर झेलदोविच यांची सही नाही. पण मित्राच्या बाजूने ते जाहीरपणे उभेही राहिले नाहीत आणि साखारोव्हना ते लागले. होल्मडेलच्या तीन अंशांपुढे क्षणात मान तुकवणारा माणूस इथे मध्येच थांबला. आकाशाचे मत बदलायला जी हिंमत लागते आणि सरकारसमोर बोलायला जी लागते, त्या दोन वेगळ्या असतात की काय कोण जाणे. सही न करणे हेही त्या काळात फुकट नव्हते, हे मात्र विसरू नये.

साखारोव्ह डिसेंबर १९८६ मध्ये मॉस्कोला परतले. वर्ष पुरे व्हायच्या आत, २ डिसेंबर १९८७ ला, झेलदोविच गेले. 'नेचर' या नियतकालिकात १९८८ मध्ये त्यांच्यावर मृत्युलेख आला तो साखारोव्ह यांनीच लिहिलेला. त्यांच्या आधी काही महिने, त्याच वर्षी, जाती मोजणारा शिष्य श्वार्त्समानही गेला होता. जिनिव्हाच्या सत्तावीस किलोमीटर घेराच्या त्वरकाने १९८९ मध्ये न्यूट्रिनोच्या जाती मोजल्या. तीन निघाल्या. हेलियमवाल्यांच्या मर्यादेत अगदी व्यवस्थित बसणाऱ्या.

जाता जाता शिक्षक मित्रांसाठी एक. झेलदोविच यांनी शाळकरी मुलांसाठी कलनशास्त्राचे एक पुस्तक लिहिले होते. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाने ते 'हायर मॅथेमॅटिक्स फॉर बिगिनर्स' या नावाने इंग्रजीत आणले आणि सोव्हिएत पुस्तके आपल्याकडे स्वस्तात विकली जात त्या काळात ते इकडेही मिळे. काटेकोर गणितज्ञांना ते आवडले नव्हते. आधी व्याख्या, मग सिद्धता, मग उदाहरण अशी चाल त्यात नाही. आधी पाणी वाहते, दगड पडतो, आणि मग त्यातून गणित वर येते. रद्दीच्या दुकानात कुठे दिसले तर सोडू नका, आणि दोन प्रती दिसल्या तर एक माझ्यासाठी ठेवा.